पाच अर्धी डोकी

पेंटरने आयुष्यात कधी डोळा काढला नव्हता. माणसाचा नाही, गाईचा नाही, मुंगीचासुद्धा नाही. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दूधवाल्याच्या पाटीवर गाय न काढता किटली काढली, न्हाव्याच्या पाटीवर कात्री आणि कंगवा. चष्मेवाला हट्टाला पेटला होता की मोठ्ठे दोन डोळे पाहिजेत. त्याला पेंटरने नुसता चष्मा काढून दिला, आतून रिकामा.

"पेंटर, हा चष्मा घातलाय कुणी?"

"ज्याला दिसत नाही त्याने."

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला, पण पाटी ठेवून घेतली. कारण अक्षर पेंटरसारखं दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

हा नेम मूळचा त्याच्या उस्तादाचा. उस्ताद सांगायचा, जिवाचं चित्र काढायचं तर त्यात जीव घालता आला पाहिजे, ते आपल्या हातात नाही, तेव्हा आपण आपली अक्षरं काढू. पेंटरला हे पटलं होतं का? त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याला तसा नेम फारसा जड जात नाही. किटली काढली की झालं. नेमाची खरी किंमत दुसऱ्या कुणाला द्यावी लागते तेव्हा कळते, आणि ती वेळ त्याच्यावर चाळीस वर्षांत आली नव्हती.

सेक्रेटरीचा फोन बुधवारी आला. सेक्रेटरी म्हणजे मशिदीच्या शाळेचा. धंद्याने फरशीवाला, आणि अकरा वर्षं सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. छत गळलं की त्याला फोन, पाण्याची मोटार जळली की त्याला फोन, मास्तर आला नाही की त्याला फोन. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्टीकडे तो 'हे संध्याकाळपर्यंत कसं मिटेल' एवढ्याच नजरेने बघायचा. जगातली निम्मी वाटोळी अशा दमलेल्या भल्या माणसांनी केलेली असतात. दुष्टांना एवढा वेळच नसतो.

"पेंटर, मागच्या खोलीतली तोंडं भरायची आहेत."

"भरायची म्हणजे?"

"रंग मारायचा. उद्या गुरुवार, त्या वर्गाला सुट्टी. परवा जुम्मा. त्याच्या आत व्हायला पाहिजे."

मागची खोली पेंटरला चांगली माहीत होती. तिथे रोज दुपारी दोन तास ऐकू न येणाऱ्या नऊ मुलांचा वर्ग भरायचा, आणि त्या नवांत त्याची नात होती. मुलीची मुलगी, पावणेसहा वर्षांची. घरात तिला बटण म्हणायचे. कानामागच्या मशीनचं बटण ती दिवसातून दहा वेळा बंद करायची, कारण त्यातून तिला शब्द नाही, नुसता गोंगाट यायचा. शब्द ती ओठांवरून उचलायची.

गुरुवारी पेंटर डबे घेऊन गेला तर सेक्रेटरी दारातच उभा होता, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कागद. खोलीच्या समोरच्या भिंतीवर सोळा चेहरे रंगवलेले होते. वर्गाच्या बाईने दोन वर्षांपूर्वी सुट्टीत बसून ते काढले होते. प्रत्येक चेहरा एकेक आवाज करत होता. ओठ मिटलेला 'म', ओठांचा चंबू केलेला 'ऊ', जबडा सोडलेला 'आ', जिभेचं टोक वर लावलेला 'ल'. दाराच्या डाव्या हाताला वेगळीच पाच चित्रं होती: अर्धी डोकी. बाजूने पाहिलेली, फळ कापावं तशी मधोमध कापलेली. आत लाल जीभ, वरचा टाळू, खाली नरडं. क, ख, ग, घ, ह हे आवाज ओठांवर दिसत नाहीत, आत मागे होतात. म्हणून ती डोकी आतून दाखवायची.

"जुम्म्याला गर्दी या खोलीपर्यंत येते," सेक्रेटरी म्हणाला. "मागच्या वेळी त्या रिटायर कंडक्टरने मला सगळ्यांसमोर धरलं. म्हणे, सजद्यातून डोकं वर काढलं की समोर जीभ काढून वेडावणारा पोरगा. नमाज कशी व्हायची, सांगा."

"तो वेडावत नाही. तो ल म्हणतोय."

"मला माहीत आहे हो. कंडक्टरला कोण समजावणार? मी सरळ मुफ्तीसाहेबांना धर्माचं विचारून कागदच आणला. हा बघा."

पेंटरने कागद हातात घेतला, आणि इथेच सगळं बिघडलं. त्याची नजर अक्षरावर थांबली. जाड टाकाने लिहिलेलं, प्रत्येक वळण पोटभर, रेघ कुठे हललेली नाही. मुफ्तीसाहेबांचा लेखनिक अजून टाकाने लिहितो, याचं त्याला फार बरं वाटलं. खालची सही पाहिली, शिक्का पाहिला, 'लावू नयेत' हे दोन शब्द पाहिले. वर चार ओळींचा प्रश्न होता, तो वाचला नाही. सुतार दाराची चौकट पाहतो आणि घरात कोण राहतं ते विसरतो, तसं झालं.

"माझी नात आहे या वर्गात," तो म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बाहेरचा आणला असता तर अख्खी भिंत पांढरी करून गेला असता. तुम्ही नीट करा. केस राहू देत, कॉलर राहू दे, नुसतं तोंड भरा. पोरांना वाईट वाटायला नको."

"आणि ही कापलेली?"

"तीही. एकदाच होऊन जाऊ दे."

पेंटरने अंगाच्या रंगाचा रंग घोटला. हातच कामसू, वाईट काम द्या नाहीतर चांगलं, तो ते चोखच करणार. आधी डावीकडची अर्धी डोकी भरली, मग समोरचे सोळा. तीन तासांत भिंतीवर केसांच्या आणि कॉलरच्या मधे सोळा अंडी उरली. मधेच एकदा, 'म' वर ब्रश ठेवताना, त्याला बटणचे मिटलेले ओठ आठवले होते. पण कागद होता ना. कागद असला की माणसाला मनाचं ऐकावं लागत नाही.

घरी त्याने काही सांगितलं नाही. त्याची मुलगी, बटणची आई, औषधांच्या गोदामात पाकिटं भरायला जायची, येईपर्यंत तिचे पाय सुजलेले असायचे. नवरा तिचा कधीच सोडून गेलेला. तिला दमलेलं पाहिलं की पेंटरला कुठलाच विषय काढणं जिवावर यायचं.

शनिवारी वर्ग भरला आणि सुटला. संध्याकाळी बटण घरात आली ती दप्तर न काढता सरळ आजोबांपाशी. त्याचा हात उचलला. अंगठ्याच्या नखाखाली अंगाच्या रंगाची बारीक चंद्रकोर राहिली होती. तिने ती पाहिली, नाकाशी नेऊन टर्पेंटाइनचा वास घेतला. मग आपला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला आणि तसाच दाबून धरला. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं तोंड बंद केलं त्याचं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"अब्बा," ती म्हणाली, "बाई मला रस्त्यात भेटल्या. कोणीतरी पेंटर आणून सगळं भरून टाकलं म्हणाल्या. मी म्हटलं, कोण असेल असा मेला."

बटणने हात काढला. पेंटर म्हणाला, "मीच."

"तुम्ही?"

"मुफ्तीसाहेबांचा कागद होता."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"लावू नयेत असं."

"काय लावू नये? कुठे? कुणी? का?"

पेंटरला नुसतं अक्षर आठवत होतं. प्रत्येक वळण आठवत होतं.

मुलगी खाली बसली. आवाज चढवायचीही ताकद नव्हती तिच्यात. "एक मात्रा वाकडी गेली तर तुम्ही लोकांची पाटी स्वखुशीने परत रंगवून देता. आणि हा कागद वाचला नाहीत? बारा दिवसांवर परीक्षा आहे तिची."

परीक्षा म्हणजे शेजारच्या शहरातल्या मोठ्या शाळेची. बहिऱ्या मुलांची खरी शाळा, दहावीपर्यंत, न्यायला-आणायला गाडी. वर्षाला सहा मुलं घ्यायचे, आणि सात वर्षं पूर्ण झाली की घ्यायचे नाहीत. परीक्षक दहा आवाज करून दाखवणार, मुलाने ओठ बघून, गळा चाचपून ते म्हणायचे. दहातले सात आले तर जागा. बटणला त्या भिंतीने नऊ आवाज दिले होते. बाई एक, मुलं नऊ. बाई एकाला शिकवत असली की बाकीची आठ भिंतीकडे बघून आपलं आपण तोंड वाकडं करत बसायची. भिंत म्हणजे दुसरी बाईच होती. तिला पेंटरने अंड्यांची रांग करून ठेवलं होतं, आणि शनिवारच्या दोन तासांत बटणचं तोंड सारखं चुकत होतं, असं बाईने सांगितलं होतं.

रविवारी तो मुफ्तीसाहेबांकडे गेला. तिथे माणसांची रांग. एकाला वाटणीचं विचारायचं होतं. दुसऱ्याला टूथपेस्टने रोजा तुटतो का ते. त्याने ते मागच्या वर्षीही विचारलं होतं, असं लेखनिक पुटपुटला. मुफ्तीसाहेब ऐंशीच्या घरातले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, प्रत्येकाकडे कान पुढे करून बघायचे. पेंटरची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती.

त्याने सगळं सांगितलं. मुफ्तीसाहेबांनी लेखनिकाला वही काढायला लावली.

"वाच तो सवाल."

लेखनिकाने वाचलं: "नमाजीच्या समोरच्या भिंतीवर माणसांची चित्रं लावणं कसं आहे?"

"आणि मी काय म्हटलं?"

"लावू नयेत."

"बरोबर म्हटलं. परत विचारलं तर परत तेच म्हणीन." मुफ्तीसाहेबांनी हात मांडीवर ठेवले. "यात पोरं कुठे आहेत? बहिरेपण कुठे आहे? शाळा हा शब्द तरी आहे का? मला भिंत विचारली, मी भिंत सांगितली. आठवड्यातून पाऊण तासाचा प्रश्न होता. पडदा मिळत नाही का तुमच्या गावात?"

पडद्याचा विचार खरंच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये पेंटरचा नंबर होता, पडदेवाल्याचा नव्हता. एवढंच त्यातलं धर्माचं.

"मुलांना शिकवायला जिवाचं चित्र काढावं का," मुफ्तीसाहेब म्हणाले, "यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. काही म्हणतात, नकोच. काही म्हणतात, गरज असेल तेवढं चालेल, मुलांना सवलत आहे. पैगंबरांच्या घरात लहान मुलीच्या बाहुल्या होत्या, पंखांचा घोडा होता, आणि ते पाहून त्यांना हसू आलं होतं, राग नाही. मी या दुसऱ्यांतला. पण मी कुणातला आहे ते मला कुणी विचारलं तर सांगणार ना."

"माझ्याच्याने चेहरा व्हायचा नाही," पेंटर म्हणाला. "चाळीस वर्षांचा नेम आहे. डोळ्यावर ब्रश जाणार नाही माझा. नुसते ओठ काढले तर?"

"नुसते ओठ म्हणजे कोण?"

"कोणीच नाही."

"मग झालं. ज्या तुकड्यावर जीव राहू शकत नाही, ते जिवाचं चित्र नाही. ओठांवरून तर 'नकोच' म्हणणारेही भांडायला येणार नाहीत. काढ."

या वेळी पेंटरने घाई केली नाही. लेखनिकाला स्वतः शब्द सांगितले: ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी भिंतीवर नुसते ओठ, दात आणि जीभ काढावी का. कागद हातात आल्यावर प्रश्न तीनदा वाचला, उत्तर तीनदा वाचलं, मग घडी करून खिशात ठेवला. बाहेर पडताना त्याला हलकं वाटत होतं. काय विचारलं ते त्याने नीट पाहिलं होतं. काय विचारायचं राहिलं ते कागदावर दिसत नाही.

सोमवारपासून तो वर्गाच्या कोपऱ्यात बसू लागला. बाईने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. तिला दोन वर्षांपूर्वीची सुट्टी आठवत असणार. नमुना म्हणून पेंटरने आरसा लावला. मिशी कातरलेली, त्यामुळे ओठ स्वच्छ दिसायचे. अंड्यांवर तो एकेक तोंड काढत गेला. अक्षर काढल्यासारखंच. वरच्या ओठाला दोन वळणं, खालच्या ओठाला एक. पाच तोंडं झाल्यावर बाईला पहिल्यांदा हसू फुटलं.

"चाचा, सगळ्यांचा तोच एक दात पडलाय."

पेंटरने आरशात पाहिलं. वरचा डावा दात त्याच्या तोंडात चार वर्षांपासून नव्हता, आणि तो भिंतीवरच्या पाचही तोंडांत नव्हता. मुलांच्या ते आधीच लक्षात आलेलं होतं. ती एकमेकांना कोपराने ढोसून हसत होती. बटण उठली, आजोबाच्या तोंडात बोट घालून ती फट चाचपली, मग भिंतीवर जाऊन पाच ठिकाणी बोट लावून आली. बरोबर आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

"दात भरून द्या हो," बाई म्हणाली. "नाहीतर नऊ पोरं आयुष्यभर त्या फटीतून स म्हणतील."

त्याने दात भरले. बुधवार दुपारपर्यंत सोळा तोंडं उभी राहिली. ना डोळे, ना नाक. विचित्र दिसत होती, पण प्रत्येक तोंड आपला आवाज करत होतं. बाईने पाणी पिऊन डावीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

"आता ही पाच."

पेंटर ब्रश धूत होता. धूतच राहिला.

"ती विचारली नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी ओठ विचारले. दात विचारले, जीभ विचारली. हे डोकं आहे. कापलेलं असलं तरी डोकंच. हे विचारायचं राहिलं."

"मग विचारा."

तो लगेच निघाला, आणि तासाभरात परत आला. मुफ्तीसाहेब सोमवारीच मोतीबिंदू काढायला मुलाकडे गेले होते. पंधरा दिवस परतणार नव्हते, आणि डॉक्टरने माणसं भेटू देऊ नका असं सांगितलं होतं.

"अहो चाचा," बाई म्हणाली, "त्यांनी ओठांना हो म्हटलं, बाहुल्यांना हो म्हटलं. याला नाही म्हणतील का?"

"नाही म्हणायचे नाहीत."

"मग?"

"सेक्रेटरीनेही असंच धरून चाललं होतं, बाई. मुफ्तीसाहेब काय म्हणतील ते. आणि मीही धरून चाललो होतो. दोघांनी धरून चालल्यावर काय झालं ते या भिंतीवर आहे. आता मी धरून चालणार नाही."

बाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि क कुठून आणू मी? स्वतः काढीन म्हटलं तर सेक्रेटरीने बजावलंय, कागद नसताना भिंतीला हात लावायचा नाही. वर्ग बंद झाला तर पोरं घरी बसतील. नऊ पोरं आणि माझा एक गळा."

एकदा चटका बसलेल्या माणसाची सावधगिरी होती पेंटरकडे, आणि ती त्याला शहाणपणासारखी वाटत होती. बाईने वहीच्या पाठीमागे पेन्सिलीने अर्धी डोकी काढून दिली, बोटाएवढी. त्यातली जीभ भाताच्या शितासारखी दिसायची. नऊ मुलं तिच्या गळ्याला हात लावायला रांग लावायची, आणि पाचव्या मुलापर्यंत तिचा आवाज बसलेला असायचा.

गुरुवारी पेंटर डबे आवरत होता, तेवढ्यात सेक्रेटरी आला. तोंडांची रांग पाहून थबकला.

"हे काय?"

"ओठ."

"कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत. हा कागद. वरचा भागही वाचा."

सेक्रेटरीने वाचला. मग मुलांच्या बाकावर बसला. बाक त्याला फार लहान होता, गुडघे छातीशी आले. "असं होतं तर मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मुफ्तीसाहेब म्हणाले, जुम्म्यापुरता पडदा लावला असता तरी झालं असतं."

"मला वेळ कुठे असतो, पेंटर. अकरा वर्षं झाली. सकाळी छतवाला, दुपारी मोटारवाला. मी चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. एवढ्यात कुणाचं नुकसान होईल असं वाटलं नाही." त्याचा मोबाइल वाजला. त्याने बघितलं, आणि तसाच वाजू दिला. "पडद्याचं बघतो," म्हणाला. आणि बघितलंही. दुसऱ्या दिवशी दांडीसकट पडदा आला. तो आठवडाभर आधी आला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पुढच्या गुरुवारी परीक्षा झाली. पेंटर, मुलगी, बाई, तिघंही गेले. बटण आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. तिच्यामागून परीक्षक बाई आल्या, साध्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी वर्गाच्या बाईला बाजूला घेऊन कागद दाखवला. व्हरांड्यात लांब बाक होता, त्यावर पेंटर आणि त्याची मुलगी बसून बघत होते. बाई परत आली आणि उभीच राहिली.

"सहा आले," ती म्हणाली. "म, प, ब, ल, आ, ऊ. सगळे स्वच्छ. परीक्षक म्हणाल्या, ओठांचे आवाज इतके स्वच्छ कुणाचेच नव्हते."

"आणि चार?" मुलीने विचारलं.

"क, ख, ग, ह."

बाई पेंटरकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी येताना बसमध्ये मुलीने बटणला मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी एकदा बसता येईल. सात पूर्ण व्हायला तेव्हा तीन महिने असतील."

"हो," पेंटर म्हणाला.

"मला तुमचा राग करायचाय अब्बा. पण अंगात त्राण नाही."

मुफ्तीसाहेब परतल्याचं कळलं त्या दिवशी पेंटर सकाळीच गेला. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी त्याला ओळखलं.

"अर्धं कापलेलं डोकं," पेंटर म्हणाला. "आतली जीभ आणि नरडं दाखवायला. डोळा नाही. काढावं का?"

"याला काय विचारायचं?" मुफ्तीसाहेब म्हणाले. "डॉक्टरांच्या पुस्तकात असतं ते. मधोमध कापलेलं डोकं कुठे जगतं का? आणि इथे तर मुलांची गरज. काढायचं होतंस सरळ."

"तुम्हीच म्हणाला होतात. विचारलं तर सांगणार ना."

मुफ्तीसाहेबांचा उघडा डोळा त्याच्यावर थांबला. लेखनिकाने टाक खाली ठेवला.

"म्हणालो होतो," मुफ्तीसाहेब म्हणाले. "परीक्षा?"

"झाली. एका आवाजाने राहिली."

मुफ्तीसाहेब म्हणाले, "त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं, भिंतीवर आणखी काय काय आहे म्हणून. लोक सवाल अर्धाच आणतात. उरलेला अर्धा काढून घेणं हे माझंच काम. पण चाळीस माणसं बसली होती, आणि मला नीट दिसत नव्हतं." त्यांनी हाताने लेखनिकाला खूण केली. "लिही. आणि आधी याला विचार, अजून काय आहे त्या खोलीत. सगळं. छत, फरशी, खिडकी."

पेंटरने सगळं सांगितलं. खोलीत सांगण्यासारखं उरलं होतंच किती.

अर्धी डोकी काढायला त्याला आठवडा लागला. हात सरावलेला नव्हता, नरडं एकदा फार खाली गेलं, एकदा जीभ टाळूला टेकलीच नाही, आणि बाईने दोन्ही वेळा सगळं पुसायला लावलं. काढून झाल्यावरही तो जाणं बंद करेना. बाईनेच एक दिवस खुर्ची ओढून त्याला बटणच्या समोर बसवलं.

"तुमचा गळा द्या," म्हणाली. "माझा पुरत नाही."

तेव्हापासून रोज दुपारी पेंटर पाट्या सोडून तिथे बसतो. बटण एक हात त्याच्या गळ्यावर ठेवते आणि डावीकडच्या भिंतीकडे बघते, जीभ मागे कुठे उचलायची ते. तो म्हणतो, "ग." गळ्यातली थरथर तिच्या बोटांत जाते. ती हात काढते, स्वतःच्या गळ्यावर ठेवते, तोंड उघडते आणि म्हणते, "अ."

पेंटर मान हलवतो. तिचा हात उचलून परत आपल्या गळ्यावर ठेवतो.

"ग," तो म्हणतो.